पाच खाचांची बखर

घरातल्या वस्तूंची दोन कुळे असतात. मडके एकदा तडकले की ते उकिरड्यावर जाते. मडक्याचा काठ तेवढा बदलून आणला, असे कोणी ऐकले आहे काय? बैलगाडीचे तसे नाही. धाव झिजली तर लोहार नवी धाव चढवतो, आरा मोडला तर सुतार आरा बसवतो, आणि आजोबांची गाडी नातू हाकतो. त्या गाडीत मूळचे लाकूड किती उरले आहे, याची चौकशी गावात कोणी करीत नाही. शिवणयंत्र, सायकल, पाण्याचा पंप ही सारी गाडीच्या कुळातली. हातातला मोबाइल मात्र, तो कितीही महाग असो, बव्हंशी मडक्याच्या कुळातला.

संगणक कोणत्या कुळातला, हा प्रश्न सध्या घरोघरी निराळ्या रूपात विचारला जातो. मुलगा हट्ट धरतो, वडील हप्त्यांनी एक तयार संगणक घेऊन देतात. खेळांसाठी म्हणून मुद्दाम विकला जाणारा, एका बाजूला काच बसवलेला, आत निळे-जांभळे दिवे लावलेला. वर्ष दोन वर्षे बरी जातात. मग नवा खेळ निघतो, पडद्यावरचे चित्र अडखळू लागते, आणि दिवाळीच्या तोंडावर वाद सुरू होतो: एकच भाग बदलता येईल एवढे पैसे आहेत, तर बदलावा कोणता?

दुकानदार याचे उत्तर एका शब्दात देतो. मला उत्तराहून प्रश्नाचेच नवल वाटते. दूरचित्रवाणीचा संच जुना झाला म्हणून ‘आतला कोणता तुकडा बदलू?’ असे कोणी विचारत नाही. संगणकाविषयी ते विचारता येते, यामागे पन्नास वर्षांचा इतिहास आहे. त्यात दूरदृष्टी थोडी, घाई बरीच आणि लोभ पोटभर आहे. गंमत अशी की, तो इतिहास ठाऊक असला म्हणजे कोणता भाग बदलावा हेही पुष्कळसे उमगते.

प्रारंभ एका खेळापासूनच करू. १९७५ साली स्टीव्ह वोझनियाक या तरुण अभियंत्याने अटारी कंपनीच्या ‘ब्रेकआउट’ नावाच्या खेळासाठी विजेचे मंडल रचून दिले. चेंडू मारून भिंतीच्या विटा फोडायच्या, एवढाच तो खेळ. पुढे १९७७ साली त्याने रचलेला ॲपल-टू हा संगणक बाजारात आला. त्यात रंग, आवाज आणि खेळायची मूठ या गोष्टी आल्या त्या हा खेळ घरच्या यंत्रावर खेळता यावा म्हणून, असे त्याने स्वतःच नंतर सांगितले आहे. म्हणजे खेळ हा संगणकात मागाहून शिरलेला पाहुणा नव्हे. तो पहिल्या पंगतीपासून पाटावर बसलेला आहे.

या यंत्राच्या पोटात आठ खाचा होत्या. खाच म्हणजे बाजारात जिला ‘स्लॉट’ म्हणतात ती. नवे कार्ड आणून तिच्यात उभे खुपसायचे की यंत्राला नवी विद्या आली. कंपनीतला वोझनियाकचा भागीदार स्टीव्ह जॉब्स याचे म्हणणे असे की आठ कशाला, दोन पुरेत: एक छपाईयंत्रासाठी आणि एक दूरध्वनीच्या जोडणीसाठी. वोझनियाकने हट्ट सोडला नाही आणि आठ खाचा राहिल्या. जॉब्सने आपले मत पुढे १९८४ च्या मॅकिन्टॉशमध्ये खरे करून दाखवले. त्या यंत्रात एकही खाच नव्हती. पेटी उघडायला लांब दांड्याचा खास पेचकस लागे. पेटीच्या आतल्या अंगाला ते यंत्र घडवणाऱ्या मंडळींच्या सह्या ठशाने उमटवल्या होत्या. विकत घेणाऱ्याने पेटी उघडू नये अशी योजना, आणि सह्या मात्र आत!

आता मुख्य कथा. आय.बी.एम. ही अमेरिकेतली बलाढ्य कंपनी. कचेऱ्यांना आणि सरकारांना खोलीएवढी यंत्रे पुरवणारी. छोट्या संगणकांचा बाजार आपल्यावाचून वाढतो आहे हे तिच्या ध्यानात आले तेव्हा १९८० साल उजाडले होते. कंपनीच्या नेहमीच्या रीतीने नवे यंत्र घडवायचे तर वर्षानुवर्षे लागली असती. म्हणून फ्लोरिडातील बोका रेटन येथे एक लहानशी तुकडी वेगळी काढली आणि तिला सुमारे एका वर्षाची मुदत दिली. तुकडीचा प्रमुख डॉन एस्ट्रिज. वर्षात यंत्र उभे करायचे तर सगळे घरी घडवून भागणार नव्हते. प्रोसेसर इंटेलचा घेतला, कार्यप्रणाली मायक्रोसॉफ्टची घेतली, चकतीचा खण आणखी कोणाचा. बाजारात जे तयार मिळेल ते आणायचे आणि जुळवायचे. आपल्याकडे याला पुढे ‘असेंबल्ड’ म्हणू लागले. त्या अर्थाने जगातला सर्वांत प्रसिद्ध असेंबल्ड संगणक खुद्द आय.बी.एम.नेच केला, असे मी वर्गात सांगतो.

१२ ऑगस्ट १९८१ रोजी ते यंत्र जाहीर झाले. प्रारंभीची किंमत १,५६५ डॉलर, मेमरी १६ किलोबाइट, आणि मदरबोर्डवर पाच खाचा. या पाच खाचांपायी ही बखर लिहावी लागते आहे. त्या मदरबोर्डला पडद्यावर चित्र काढताच येत नसे. त्यासाठीही एक कार्ड एका खाचेत बसवावे लागे. ते दोन प्रकारचे होते. एकावर अक्षरे रेखीव दिसत, पण रंग नाही. दुसऱ्यावर रंग होते, पण अक्षरे ओबडधोबड. आडवे ३२० आणि उभे २०० ठिपके, आणि एका वेळी चार रंग. ज्याला हिशेब लिहायचे त्याने पहिले घ्यावे, ज्याला खेळायचे त्याने दुसरे. म्हणजे आज मुलगा ज्या प्रश्नाशी अडला आहे तोच प्रश्न १९८१ च्या गिऱ्हाइकालाही पहिल्याच दिवशी सोडवावा लागला होता. शिवाय बोर्डवर प्रोसेसरच्या शेजारी एक घर रिकामे ठेवले होते. अपूर्णांकांची आकडेमोड झपाट्याने करणारा ८०८७ नावाचा मदतनीस हवा असेल त्याने पुढेमागे आणून बसवावा. पुढच्या खर्चाची तजवीज यंत्रातच करून ठेवलेली!

याहून मोठी गोष्ट अशी की आय.बी.एम.ने या यंत्राचे सगळे नकाशे एका पुस्तकात छापून विकले. कोणत्या तारेतून काय वाहते, कोणत्या टोकाला काय जोडायचे, सारे उघड. दुसऱ्यांनी या खाचांसाठी कार्डे करावीत, म्हणजे आपले यंत्र अधिक खपेल, हा हेतू. तो सफळ झाला. कॅलिफोर्नियात ए.एस.टी. नावाची कंपनी होती. अल्बर्ट वाँग, सफी कुरेशी आणि टॉमस युएन या तिघांच्या नावांची आद्याक्षरे जोडून ते नाव झाले होते. त्यांनी एकाच कार्डावर जादा मेमरी, घड्याळ आणि निरनिराळ्या जोडण्या बसवून दिल्या. खाचा पाचच, तेव्हा एकेका खाचेत जितके माववेल तितके माववायचे. चाळीतल्या बिऱ्हाडाची युक्ती!

एवढे उघड केले तरी आय.बी.एम.ने एक किल्ली कनवटीला ठेवली होती. यंत्र चालू होताच जो लहानसा कार्यक्रम त्याला जागे करतो त्याला बायॉस म्हणतात. तो पुस्तकात छापलेला होता, पण त्यावर लेखकाचा हक्क कंपनीचा. उतरवून घ्याल तर कोर्टात जाल. टेक्सस इन्स्ट्रुमेंट्स सोडून आलेल्या रॉड कॅनिअन, जिम हॅरिस आणि बिल मर्टो या तिघांनी ह्यूस्टनच्या एका खानावळीत बसून तिथल्याच कागदावर आपल्या नव्या यंत्राचे चित्र काढले, आणि १९८२ साली कॉम्पॅक ही कंपनी स्थापली. बायॉसचे कोडे त्यांनी असे सोडवले: एका तुकडीने मूळ वाचायचे आणि ते काय करते एवढेच लिहून काढायचे, मूळ ज्यांनी डोळ्यांनी पाहिलेलेही नाही अशा दुसऱ्या तुकडीने त्या वर्णनावरून नवा कार्यक्रम लिहायचा. परीक्षेत कॉपी पकडण्यात माझी उमर गेली. पण या मुलांना मला शिक्षा करता आली नसती. १९८४ मध्ये फिनिक्स नावाच्या कंपनीने असाच स्वतंत्र बायॉस मागेल त्याला विकायला काढला, आणि मग यंत्र कोणीही जुळवावे, भाग कोणाचाही घ्यावा, असा खुला बाजार झाला. एस्ट्रिज २ ऑगस्ट १९८५ रोजी डॅलसच्या विमान अपघातात गेला. वय अवघे ४८.

पश्चात्ताप कंपनीला झालाच. १९८७ साली आय.बी.एम.ने नव्या यंत्रांत नव्या जातीच्या खाचा आणल्या. जुनी कार्डे त्यांत बसत ना, आणि ज्याला त्या वापरायच्या त्याने कंपनीला पैसे मोजायचे. कॉम्पॅकसह नऊ कंपन्या १९८८ साली एकत्र आल्या आणि त्यांनी जुनी कार्डेही बसतील अशी आपली वेगळी खाच जाहीर केली. शेवटी दोन्ही खाचा मागे पडल्या आणि इंटेलने १९९२ मध्ये आणलेल्या पद्धतीची सरशी झाली. पण आय.बी.एम.चे कवाड बंद करणे काही साधले नाही. १९९५ साली इंटेलनेच मदरबोर्डचे माप, स्क्रूंच्या जागा आणि वीज पुरवणाऱ्या डब्याची जोडणी यांचा एक नमुना ठरवून दिला. त्याचे नाव एटीएक्स. वीज पुरवणारा हा डबा म्हणजे आपल्या बाजारातला एसएमपीएस. त्याची आठवण ठेवावी. पुढे काम आहे.

आता बदलायचा भाग काळानुसार कसा पालटत गेला ते पाहा. आरंभी अडचण मेमरीची होती. मग आवाजाची: मूळ यंत्राचा कंठ म्हणजे नुसती पिपाणी. १९८९ साली सिंगापूरच्या सिम वाँग हू यांच्या क्रिएटिव्ह कंपनीने साउंड ब्लास्टर हे कार्ड काढले. ते आवाज तर काढीच, शिवाय खेळायची मूठ जोडण्याची सोयही त्यावरच होती. डिसेंबर १९९३ मध्ये ‘डूम’ हा खेळ आला. त्याला चार मेगाबाइट मेमरी लागे, आणि ती नव्हती अशांनी ती आणली. जून १९९६ मध्ये त्याच मंडळींचा ‘क्वेक’ आला आणि मेमरी असूनही ज्यांच्याकडे ४८६ जातीचा प्रोसेसर होता त्यांची त्रेधा उडाली. ‘डूम’ ज्यावर सुरेख धावे त्याच यंत्रावर ‘क्वेक’ लंगडू लागला, कारण त्याला अपूर्णांकांची आकडेमोड फार लागे आणि ती पेंटियमलाच झेपत असे. तीन वर्षांत त्याच घरातले दुखणे एका अवयवातून दुसऱ्या अवयवात गेले.

त्याच १९९६ साली थ्रीडीएफएक्स कंपनीचे ‘वूडू’ कार्ड आले. मूळ विचार खेळांच्या दुकानांतल्या मोठ्या यंत्रांचा होता. पण त्या वर्षी मेमरीचे भाव कोसळले आणि चार मेगाबाइट मेमरीचे हे कार्ड घरगुती गिऱ्हाइकाच्या आटोक्यात आले. कार्ड मोठे चमत्कारिक. त्याला नुसती त्रिमिती दृश्येच काढता येत. साधी अक्षरे काढायला जुने कार्ड शेजारी हवेच. जुन्या कार्डातून एक तार वूडूत यायची आणि वूडूतून दुसरी पडद्याकडे जायची. दोन सुना एका चुलीवर! पण ज्याने वूडूवर ‘क्वेक’ पाहिला त्याला पुन्हा जुने पाहवेना. १९९९ साली एनव्हिडियाने जीफोर्स २५६ आणले आणि पुढच्याच वर्षाच्या अखेरीस थ्रीडीएफएक्सची मालमत्ता विकत घेतली. तेव्हापासून खेळाचा संगणक म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे ग्राफिक्स कार्डच उभे राहते, आणि दुकानदाराचे एका शब्दातले उत्तरही तेच असते.

ते उत्तर खरे केव्हा आणि खोटे केव्हा, हे सांगणारा नियम या सगळ्याच्या आधीचा आहे. जीन ॲमडाल हे आय.बी.एम.च्या १९६४ सालच्या प्रसिद्ध ३६० मालिकेचे मुख्य रचनाकार. त्यांनी १९६७ साली अटलांटिक सिटीच्या परिषदेत एक छोटासा निबंध वाचला. त्यात सूत्र नव्हते; सूत्र नंतरच्या लोकांनी मांडले आणि त्यांच्या नावाने रूढ केले. मी ते मुलांना असे सांगतो: पुण्याहून मुंबईपर्यंत गाडीला तीन तास आणि स्टेशनापासून घरापर्यंत एक तास, असे चार तास लागतात. गाडीचा वेग दुप्पट केला तर अडीच तास लागतील. गाडी क्षणार्धात पोचू लागली, तरी एक तास उरेलच. आणि ज्याचे स्टेशन ते घर हेच अंतर तीन तासांचे आहे, त्याने जलद गाडीचे तिकीट काढावेच कशाला?

खेळाच्या संगणकात मात्र थोडा फरक आहे. तिथे कामे एकामागून एक न होता बरोबरीने चालतात. आणि हा प्रकार समजून घ्यायला दिवाळीसारखा मुहूर्त नाही. एकीने सोऱ्यातून चकल्या पाडायच्या, दुसरीने कढईत तळायच्या. प्रोसेसर चकल्या पाडतो: शत्रू कुठे उभा आहे, गोळी कुणाला लागली, दार उघडले की नाही, हे ठरवून तो दृश्याचा आराखडा पुढे सरकवतो. ग्राफिक्स कार्ड तळण करते: त्या आराखड्यात रंग, सावली, उजेड भरते. तळणारी मागे पडली तर पाडलेल्या चकल्या कागदावर सुकत बसतात. तिथे दुसरा सोऱ्या आणून उपयोग नाही, कढई मोठी हवी. पाडणारीच हळू असेल तर कढई रिकामी कडकडते. मोठी कढई आणली तर तेल तेवढे जादा जळेल.

कोण मागे आहे हे पाहण्याची युक्ती सोपी आहे आणि तिला पैसा पडत नाही. आजच्या साध्या पडद्यावर आडवे १,९२० आणि उभे १,०८० ठिपके असतात; एकूण २०,७३,६००. १९८१ च्या त्या रंगीत कार्डाच्या बत्तीसपट! सेकंदाला साठ चित्रे काढायची म्हणजे सेकंदाला बारा कोटींहून अधिक ठिपके रंगवावे लागतात. आता खेळाच्या मांडणीत जाऊन ठिपके कमी करायचे. तळणाऱ्याचे काम हलके होते, पाडणाऱ्याचे होते तेवढेच राहते. सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांचा आकडा एकदम वाढला तर कार्ड अडत होते. आकडा जागचा हलला नाही तर कार्डाला दोष देऊ नये. आणि पानावर बसलेल्या माणसाचाही विचार हवा. पडदाच सेकंदाला साठ चित्रे दाखवणारा असेल तर शंभर काढून त्याच्या पानात वाढायची कोणाला?

चकतीचीही एक कथा आहे, ती थोडक्यात सांगतो. जुनी हार्ड डिस्क मिनिटाला ७,२०० म्हणजे सेकंदाला १२० फेरे घेते. हवी ती जागा फिरून येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा, म्हणजे चार मिलिसेकंद जातात, आणि सुई सरकायला आणखी वेळ. विखुरलेल्या जागी ठेवलेल्या शंभरेक वस्तू सेकंदात शोधून दिल्या की तिचा जीव दमला. इंटेलची २००८ सालची एक्स-२५ एम आणि तिच्यासारख्या एसएसडींनी हा फिरण्याचा व्यापच संपवला. त्याने खेळ लवकर उघडतो, पुढचा देखावा लवकर येतो. पण कार्ड किंवा प्रोसेसर मंद असेल तर तो त्याने पळू लागत नाही.

आता तयार पेट्यांकडे येऊ. आपल्याकडे १९९० च्या दशकात ‘ब्रँडेड’ आणि ‘असेंबल्ड’ हे दोन शब्द कानी पडू लागले. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर (मुंबईचे एकेकाळचे गव्हर्नर लॉर्ड लॅमिंग्टन यांच्या नावाचा हा रस्ता, आता त्याचे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग) भागांची यादी घेऊन हिंडायचे, भाव करायचे आणि पोरगेलासा कारागीर तासाभरात यंत्र उभे करून देई. त्यातला प्रत्येक भाग सर्वमान्य मापाचा असे, कारण निराळ्या मापाचा भाग त्या दुकानदाराला मिळतच नसे. तयार पेटी विकणाऱ्या मोठ्या कंपनीचे गणित वेगळे. जाहिरातीत दोनच गोष्टी मोठ्या अक्षरांत छापायच्या असतात, प्रोसेसर आणि कार्ड. मग जिथे जाहिरातीचे अक्षर पोचत नाही तिथे काटकसर होते. रॅमच्या दोन पट्ट्यांऐवजी एकच, हवा खेळायला जागा नसलेले कॅबिनेट, आणि मोजून मापून वीज देणारा एसएमपीएस. कित्येकदा त्याचे टोकही आपल्याच घराण्याचे ठेवतात. १९९० च्या दशकाच्या अखेरीस एका मोठ्या अमेरिकन कंपनीने तर कमाल केली होती: टोक दिसायला एटीएक्ससारखेच, पण आतल्या तारांचा क्रम निराळा. बाजारातला साधा एसएमपीएस आणून लावला की मदरबोर्ड जळालाच म्हणून समजा.

मागल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या दिवाळीत, माझ्या एका माजी विद्यार्थ्याच्या घरी हाच पेच पाहिला. वडील एस.टी.त वाहक. मुलगा ओंकार बारावीला. त्याला आठ टोकांची जादा तार लागणारे थोरले कार्ड हवे होते, आणि आईचा त्याला सक्त विरोध. वडील मला म्हणाले, “सर, बोनस हातात आहे तोवर काय ते सांगा. आठवड्यानंतर मला विचारू नका.”

पेटी उघडली. कार्डाला खाचेतूनच वीज मिळते ती जास्तीत जास्त ७५ वॅट. आठ टोकांच्या तारेतून आणखी १५० मिळतात. ओंकारच्या कार्डाला जादा तार नव्हतीच, ते ७५ वॅटांत भागवणारे होते. एसएमपीएसच्या अंगावरचा कागद त्याला वाचायला सांगितला.

“तीनशे दहा वॅट, सर.”

“आणि आठ टोकांची तार?”

त्याने सगळा तारांचा गुंता चाचपून पाहिला. “नाहीच आहे.”

“मग एसएमपीएस बदलू,” असे तो लगेच म्हणाला. पण मदरबोर्डाला जाणारे टोक सर्वमान्य चोवीस टोकांचे नव्हते, कंपनीचे स्वतःचे होते. कार्ड बदलायचे तर एसएमपीएस बदलायचा, तो बदलायचा तर बोर्ड, आणि बोर्ड बदलायचा तर कॅबिनेटही. एका खिळ्यासाठी सबंध भिंत पाडायची वेळ!

आम्ही ठिपके कमी करून खेळ चालवला. चित्रांचा आकडा बेचाळीसवरून चव्वेचाळीसवर गेला आणि तिथेच थबकला. मेमरी मात्र आठही गिगाबाइट काठोकाठ भरलेली. जे मावत नव्हते ते यंत्र पुन्हापुन्हा चकतीवर ठेवीत होते आणि परत उचलीत होते. शेजारचे रॅमचे घर रिकामे होते. एकच पट्टी असली की प्रोसेसर आणि मेमरी यांच्यामधला रस्ताही निम्माच वापरात असतो, हा आणखी तोटा. ओंकारला हे पटायला वेळ लागला. “पण सर, रॅमने कोणाला दिसतंय काय? कार्ड दिसतं!” असे तो म्हणाला, आणि त्याच्या वयात ते खरेही आहे. शेवटी त्याच जातीची आठ गिगाबाइटची दुसरी पट्टी आणली. आकडा फार चढला नाही. पन्नाशीच्या आसपास राहिला. मधले गचके मात्र गेले, आणि ते गचकेच त्याला छळत होते. बोनसचा बराच भाग आईकडे परत गेला.

कार्डासाठी तो हटून बसला असता तरी मला नवल वाटले नसते, कारण कार्डाच्या मागे लागलेली पिढी त्याने पाहिली आहे. २०१७ मध्ये आणि पुन्हा २०२० ते २०२१ मध्ये आभासी चलन ‘खणणाऱ्यांनी’ बाजारातली कार्डे उचलून नेली. करोनाच्या काळात कारखान्यांचा माल आधीच अपुरा. सुटे कार्ड मिळेना म्हणून लोकांनी अख्ख्या तयार पेट्या घेतल्या, कारण त्यांच्यात निदान एक कार्ड तरी असे. सप्टेंबर २०२२ मध्ये इथीरियम या चलनाने आपली पद्धत बदलली आणि कार्डांनी चलन खणण्याचा तो मोठा धंदा संपला. त्या टंचाईत विकल्या गेलेल्या पेट्या आता जुन्या झाल्या आहेत, आणि ‘कोणता भाग बदलू?’ हा प्रश्न आज इतक्या घरांत ऐकू येतो त्याचे एक कारण हेही असावे, असे मला वाटते.

रॅमच्या पट्टीची कथा मात्र तिथे संपत नाही. १९९६ साली मेमरी स्वस्त झाली म्हणून वूडू घराघरांत शिरले. २०२५ सरता सरता चक्र उलटे फिरले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड यंत्रशाळांनी मेमरी मागायला सुरुवात केली, कारखाने तिकडे वळले आणि घरगुती पट्ट्यांचे भाव भडकले. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉन कंपनीने ‘क्रुशल’ या नावाने घरगुती गिऱ्हाइकांना मेमरी विकण्याचा आपला धंदा आवरता घेत असल्याचे जाहीर केले. ओंकारने पट्टी आणली त्याला तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. तो बातमी वाचून माझ्याकडे आला, आणि त्याने पहिला प्रश्न विचारला तो असा: “सर, जुन्या संगणकांतल्या पट्ट्या शाळेत कुठे पडल्या आहेत काय?”